नवी डिस्क ओळखायची कशी?

लिनक्स सर्व्हरला दुसरी डिस्क जोडली की यादीत ती बहुधा 'एसडीबी' या नावाने दिसते. हेच तिचं कायमचं नाव, असं अनेकजण धरून चालतात. सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. ही नावं कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने मिळतात. रीबूटनंतर क्रम बदलला, तर कालची एसडीबी आज एसडीसी असू शकते. म्हणून फॉरमॅट करण्याआधी 'एलएसबीएलके'च्या यादीत आकार आणि सिरियल नंबर दोन्ही ताडून पाहा. चुकीच्या डिस्कवर फॉरमॅट चालला, तर मागे फिरण्याची वाट बहुतेक वेळा नसते.

खरी ओळख म्हणजे यूयूआयडी. मात्र तोही डिस्कचा जन्मखुणेसारखा गुण नव्हे. फॉरमॅट करताना फाइल सिस्टिमला तो मिळतो. पुन्हा फॉरमॅट केलं की यूयूआयडी नवा, आणि एफएसटॅब फाइलमधली जुनी नोंद निकामी.

"माउंट केली, काम झालं" हेही अर्धवटच. हाताने केलेलं माउंट पुढच्या रीबूटपर्यंतच टिकतं. कायमसाठी एफएसटॅबमध्ये ओळ लागते. ती ओळ चुकली तर? सिस्टिमडी त्या डिस्कची साधारण 90 सेकंद वाट पाहतं आणि सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये जातो. तिथे एसएसएच नसतं, कन्सोल गाठावा लागतो. रात्री दोन वाजता दूरच्या डेटा सेंटरमधल्या मशीनवर असं झालं, तर काय होतं याची कल्पना करा. म्हणून ओळ लिहिल्यावर रीबूटची वाट न पाहता 'फाइंडमाउंट'ने फाइल तपासावी आणि सगळं एकदा माउंट करून पाहावं.

'नोफेल' हा पर्याय लिहिला की चिंता मिटली, असं सांगणारे पुष्कळ. डिस्क सापडली नाही तरी सर्व्हर सुरू होतो हे खरं, पण तेव्हा ती माउंट झालेली नसते. अॅप्लिकेशनला त्याचा पत्ता नसतो. ते त्याच फोल्डरमध्ये लिहीत राहतं आणि मूळ डिस्क भरत जाते. नंतर डिस्क माउंट झाली, की तो डेटा तिच्याखाली झाकला जातो. माझ्या मते माउंट करण्याआधी रिकाम्या फोल्डरला 'चॅटर'ने कुलूप लावावं. मग रूटच्या प्रोसेसलाही त्यात लिहिता येत नाही.

पार्टिशन सक्तीचं नाही, पूर्ण डिस्कही फॉरमॅट होते. तरी मी ते करतो, कारण पार्टिशन टेबल नसलेली डिस्क एखादं दुसरं साधन रिकामी समजू शकतं. टेबल मात्र जीपीटी घ्या. 512 बाइटच्या सेक्टरवर जुनं एमबीआर सुमारे 2.2 टीबीपुढे जात नाही. 4 टीबीच्या डिस्कची जवळपास अर्धी जागा वाया जाते.

शेवटी, "डिस्क कमी भरली, फसवलं" ही तक्रार. 4 टीबी म्हणजे 1024 च्या हिशेबाने 3.64 टीआयबी, कंपनी दहाच्या पटीत मोजते, सिस्टिम दोनच्या. शिवाय एक्स्ट4 आपल्या जागेतली 5 टक्के रूटसाठी राखून ठेवते, म्हणजे इथे जवळजवळ 200 जीबी. नुसत्या डेटाच्या डिस्कवर ती राखीव जागा 'ट्यून2एफएस'ने 1 टक्क्यावर आणता येते, तीही फॉरमॅट न करता.