जाम झालेला स्क्रू नेमका कुठे जाम असतो?

गृहीतक कसं तपासायचं हे समजावताना आपल्याकडे बहुतेक वेळा कुंडीतली रोपं नाहीतर औषधाच्या गोळ्या येतात. आज गॅरेजमधलं एक उदाहरण घेऊ.

कारच्या पुढच्या चाकाची ब्रेक डिस्क बदलायची आहे. चाक काढलं, कॅलिपर सोडवून तारेने बाजूला टांगला. आता डिस्क सरळ हातात यायला हवी. पण होंडाच्या बऱ्याच गाड्यांत, आणि इतर काही कंपन्यांच्याही, डिस्क हबला एक-दोन छोट्या स्क्रूंनी धरलेली असते. 6 मिलिमीटर जाडी, शंकूसारखं डोकं, डिस्कच्या पत्र्यात पूर्ण बसलेलं, वर फुलीची खाच. गंमत म्हणजे ब्रेक मारल्यावर येणारा भार यांच्यावर नसतोच. चाकाचे नट आवळले की डिस्क आपोआप हब आणि चाक यांच्यात घट्ट दाबली जाते. चाक नसताना डिस्क जागेवर राहावी, एवढंच या स्क्रूंचं काम. आणि तेच निघत नाहीत.

"गंजलाय म्हणून निघत नाही," असं सगळे सांगतात. ते खोटं नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा साधारण दोन ते सहा पट जागा घेतो, त्यामुळे बारीक फटीत तो तयार झाला की फट बुजून भाग एकमेकांत रुततात. कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. पण हे उत्तर अर्धंच आहे. गंज नेमका कुठे अडवतोय, आट्यांत की डोक्याखाली? कारण उपाय त्यावर ठरतो.

थोडा हिशेब करू. कोणताही स्क्रू आवळताना लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, 40 टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम 10 टक्के प्रत्यक्ष ताण निर्माण करतो. हे सपाट डोक्याचं झालं. आपलं डोकं 90 अंशांचा शंकू आहे, म्हणजे पाचरच. तेवढ्याच ताणाला तिथला दाब सुमारे 1.4 पट होतो आणि घर्षणही तेवढंच वाढतं. आता दुसरी बाजू बघा. आट्यांची चाल 1 मिलिमीटर आहे, म्हणजे 10 अंश फिरवलं की स्क्रू 0.03 मिलिमीटर वर येतो. एवढ्या आखूड स्क्रूतला ताण सोडवायला साधारण एवढंच पुरतं. म्हणजे खरी लढाई पहिल्या काही अंशांचीच आहे, आणि ती मुख्यतः शंकूवर होत असावी.

हे गृहीतक झालं. पुरावा? गॅरेजवाले तो नकळत देतात. सगळे उपाय हरले की ते डोकं ड्रिलने उडवतात, डिस्क काढून घेतात, आणि हबमध्ये उरलेला दांडा ग्रिप प्लायरने फिरवतात. बऱ्याचदा तो सहज निघतो. मग आट्यांनी धरलं होतं कुठे? पण लगेच "सिद्ध झालं" लिहू नका. ड्रिलने डोकं काढलं तसं कंपनही दिलं आणि उष्णताही दिली. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या. तुमच्या प्रबंधावर परीक्षक नेमका हाच प्रश्न विचारणार आहेत.

आता खाचेकडे येऊ. अमेरिकेत हेन्री फिलिप्सने 1936 मध्ये या फुलीच्या खाचेची पेटंट मिळवली आणि त्याच वर्षी कॅडिलॅकच्या गाड्यांत ती वापरली गेली. खाचेच्या भिंती तिरक्या असतात, त्यामुळे जोर वाढला की स्क्रू-ड्रायव्हर वर ढकलला जाऊन बाहेर उसळतो. प्रत्येक उसळीला खाचेच्या कडा झिजतात. म्हणजे प्रत्येक फसलेला प्रयत्न पुढच्या प्रयत्नाची शक्यता खातो. ज्यांच्याकडे एकच नमुना असतो, मग तो जीवाश्माचा तुकडा असो की दुर्मीळ पेशींची कुपी, त्यांना हे दुखणं नीट कळेल. म्हणून साध्या स्क्रू-ड्रायव्हरने "एकदा बघू तरी" हा पहिला प्रयोग माझ्या मते सगळ्यात महागडा.

पहिला प्रयोग इम्पॅक्ट ड्रायव्हरचा हवा. खाच ब्रशने साफ करायची, 3 नंबरचं फुलीचं टोक घट्ट बसवायचं, आणि मागून हातोडी मारायची. घाव टोकाला खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी थोडं फिरवतोही, त्यामुळे उसळायला वाव उरत नाही. शिवाय धक्क्याने पृष्ठभाग क्षणभर एकमेकांवर घसरतात. आडव्या कंपनाने आवळलेला बोल्ट आपोआप सैल होतो, हे गेरहार्ड युंकरने 1969 मध्ये दाखवलं होतं. तिथे ती डोकेदुखी होती, इथे तीच मदतीला येते. भेदक तेल आधी टाकून ठेवावं, मात्र डिस्कच्या घासणाऱ्या भागावर किंवा पॅडवर थेंबही नको.

तापवण्याबद्दल मात्र एक चुकीचं स्पष्टीकरण फिरत असतं: "भोक मोठं होतं." 6 मिलिमीटरचं पोलाद 200 अंशांनी तापलं तर जेमतेम 0.014 मिलिमीटर वाढतं, आणि भोकाबरोबर स्क्रूही तेवढाच तापला तर फट वाढतच नाही. फायदा होतो तो तापमानातल्या फरकाने आणि गंजाचा थर तडकल्याने. तसंही ब्रेकजवळ ज्योत नकोच. तिथे रबरी सील आहेत, ब्रेक ऑइल आहे, आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तापला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

कॅलिपरवरच्या ब्लीडिंग निपलला मात्र हा क्रम जसाच्या तसा लावू नका. तो आतून पोकळ असतो, वेडावाकडा घाव बसला तर मुळाशी तुटतो आणि पूर्ण कॅलिपर बदलायची वेळ येऊ शकते. तिथे तेल टाकून थांबायचं, रिंग पान्याऐवजी सहाकोनी सॉकेट लावायचा, आणि सोडवण्याआधी किंचित आवळून बघायचं.