दांडिया बाजारातील धडा

शाळेत मुलांना वस्तू घडविण्याची कोडी घालावीत, संगणकावरील खेळांचाही अध्यापनात उपयोग करावा, असा आग्रह हल्ली वारंवार ऐकू येतो. २०१६ पासून अनेक शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची कल्पना मांडली. हे सारे परदेशातून आलेले नवे वारे आहे, अशी पुष्कळांची समजूत दिसते. ती दूर होण्यासाठी बडोद्याच्या दांडिया बाजारापर्यंत जाणे पुरेसे आहे.

तेथील कलाभवन सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केले. रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे त्याचे प्रमुख झाले. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम हे विषय तेथे प्रत्यक्ष कामातून आणि देशी भाषेतून शिकविले जात. ज्या काळी शिक्षण म्हणजे इंग्रजी पाठांतर व कचेरीतील नोकरी असे समीकरण रूढ होते, त्या काळी एका संस्थानिकाने हाताच्या ज्ञानाला विद्येचा मान दिला, ही गोष्ट सामान्य नव्हे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली आणि कलाभवनाचे रूपांतर त्याच्या अभियांत्रिकी विद्याशाखेत झाले.

दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. चित्रकला व छायाचित्रण ते तेथे शिकले. पुढे चित्रपटासाठी भांडवल हवे होते, तेव्हा त्यांनी नुसत्या शब्दांवर विसंबून न राहता कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या वाढीची थोडथोडी चित्रे रोज घेतली आणि रोप डोळ्यांदेखत उगवताना पडद्यावर दाखविले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे कुंडीतला हा प्रयोग उभा आहे. अडचण समोर ठेवून हाताने तिचे उत्तर शोधणे ते हेच.

वर्गात याला फार मोठी सामग्री लागत नाही. मातीचा गोळा पाण्यात बुडतो. त्याच मातीची होडी करा आणि तीत जास्तीत जास्त खडे भरून ती तरती ठेवा, एवढेच मुलांना सांगावे. पहिली होडी बुडेल, दुसरी कलंडेल. तिसरीच्या वेळी मूल काठ उंच आणि तळ रुंद करील. तरण्याचा नियम शिक्षकांनी त्यानंतर सांगावा. आपल्या किनाऱ्यावरील मुलाला तो मग जन्मभर विसरता येणार नाही.

संगणकावरील खेळांनाही हीच कसोटी लावावी. कार्ल वीमन या नोबेल पारितोषिकविजेत्या शास्त्रज्ञाने २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पात विजेचे मंडल पडद्यावर जोडून, तोडून पाहता येते. तार चुकली तरी इजा होत नाही आणि कारण शोधावेच लागते. असा खेळ स्वागतार्ह आहे. परंतु नुसते बरोबर उत्तर दाबून तारे मिळविणे म्हणजे घोकंपट्टीला चढविलेला नवा रंग होय. शिवाय पडद्यावरची होडी कितीही वल्हविली तरी हात ओला होत नाही, हेही विसरू नये.

पैसा नाही, ही सबब फारशी टिकणारी नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी तेथे आणि पुढे कोसबाडला खडे, पाने, बिया, शिंपले यांचीच शैक्षणिक साधने केली.

खरी अडचण आपल्या मनात आहे. अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी कार्यानुभवाच्या तासाचा जातो आणि त्याबद्दल एकही पालक तक्रार करीत नाही. हाताचे काम कमी प्रतीचे, हा पांढरपेशा समज आपण अजून सोडलेला नाही. त्यात परीक्षेत गुण फक्त लिहिलेल्या उत्तराला. तीनदा बुडालेल्या होडीला नाहीत. ही गुणपद्धती बदलल्याविना कितीही प्रयोगशाळा उघडल्या तरी त्यांची कुलुपे पाहुण्यांपुरतीच निघतील. शिक्षकाला वेळ आणि मुलाला चुकण्याची मोकळीक, एवढे तरी आपण देणार की नाही?