हिरवा कुठला, तपकिरी कुठला?

परवा हळदीकुंकवाला आलेल्या मैत्रिणीने आमच्या शोकेसकडे बघून विचारलं, ‘‘अगं, खेळण्यांचं दुकान काढलंस की काय?’’ मी म्हटलं, ‘‘ही खेळणी नाहीत गं. लेकाने एकेक तुकडा जोडून केलेली विमानं आहेत.’’ त्यामागची गोष्ट मात्र तेव्हा सांगितली नाही. आज तुम्हाला सांगते.

आमच्या चिरंजीवांना लहानपणापासून लढाऊ वैमानिक व्हायचं होतं. दहावीनंतर डोळे तपासायला नेलं, तर ठिपक्यांच्या चित्रातले आकडेच त्याला दिसेनात. लाल-हिरव्या रंगांत गफलत! लढाऊ वैमानिकाची रंगदृष्टी निर्दोष लागते. म्हणजे ती वाट बंद. डॉक्टर सहज म्हणाले, ‘‘हा दोष बहुतेक आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला काही त्रास नसतो.’’ मला रात्रभर झोप नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर माझे वडील लाल मिरचीत राहिलेली हिरवी मिरची शेजारच्या बाईला विचारून निवडायचे. आम्ही हसायचो. तेच माझ्यातून लेकापर्यंत आलं होतं.

लेक गप्प गप्प झाला. मग दिवाळीत त्याच्या मामाने पुण्याहून एक खोकं आणलं. ‘मिग-२१’चं मॉडेल, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, याचा जेमतेम दहा सेंटीमीटर! १९६३ साली हवाई दलात आलेलं आणि आपल्या नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात बनलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झालं. तो सोहळा त्याने टीव्हीवर डोळ्यांत पाणी आणून पाहिला होता.

मग काय, माझा भुवयांचा प्लकर गायब, टूथपिक गायब! प्लॅस्टिकच्या चौकटीतून तुकडे कापायचे, कडा घासायच्या. त्याचा गोंद आपल्या डिंकासारखा नसतो. तो प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी लागते. अंगाचे दोन भाग जोडण्याआधी नाकात वजन भरायचं, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसतं. त्याने सायकलवाल्याकडून छर्रे आणून भरले.

खरी परीक्षा रंगांची. आपली काही मिग हिरव्या-तपकिरी रंगांत असायची, आणि नेमके हेच दोन रंग त्याला सारखे दिसतात. त्याने बाटल्यांवर आकडे लिहिले. आधी फिकट रंग, वाळल्यावर त्यावर पट्टी चिकटवून शेजारी गडद. तरी शेवटी हाक आलीच, ‘‘आई, जरा उन्हात ये. हिरवा कुठे सांडलाय सांग.’’

मी अंगणात विमान हातात धरून बघत होते. न राहवून म्हणाले, ‘‘माझ्यामुळेच झालं रे हे.’’ तो ब्रश पुसत म्हणाला, ‘‘आई, मग बघून पण तूच दे ना!’’ मी हसता हसता रडले. पाण्यात भिजवून केशरी-पांढरं-हिरवं चक्र सरकवलं, तेव्हा हात माझाच थरथरत होता.

तो पायलट होणार नाही, हे दुःख संपलेलं नाही. अजून डोक्यावरून विमान गेलं, की तो वर बघतो आणि मी त्याच्याकडे. पण आता आमच्या घरात त्याबद्दल बोलता येतं.

म्हणून बचत गटाच्या बैठकांत मी एक सांगते. मुलाने पानाला तपकिरी रंग दिला, तर लगेच धपाटा घालू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. ठिपक्यांची ती तपासणी पाच-दहा मिनिटांची असते. आमच्या घरी ती फार आधी व्हायला हवी होती. मुलाला दहावीपर्यंत स्वप्न रंगवू देऊन मग ते पुसणं, फार जड जातं हो.