संचांची फेरपालट आणि पत्त्याची ग्राह्यता

पत्ता संग्रही असणे आणि तो डावात लावता येणे, या संग्राह्य पत्त्यांच्या खेळांत दोन भिन्न गोष्टी आहेत. बावन्न पत्त्यांच्या कॅटात हा भेद उद्भवत नाही. तेथील पत्ते कायमचे ठरलेले असतात. रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ १९९३ साली निघाला, तो मात्र मुळातच न संपणाऱ्या पत्त्यांचा होता. नवनवे संच निघत राहावेत आणि खेळाडूने आपल्या संग्रहातून किमान साठ पत्त्यांचा डेक बांधावा, अशी त्याची घडण. अशा खेळात सर्वच जुने पत्ते ग्राह्य ठेवले, तर नवागताला वर्षानुवर्षांचा साठा गोळा केल्यावाचून प्रवेश मिळत नाही. शिवाय नवा पत्ता जुन्याहून प्रबळ केल्याखेरीज त्याला कोणी विचारीत नाही. या दुहेरी अडचणीवर १९९५ साली उपाय निघाला, तो केवळ अलीकडचे संच मान्य करणाऱ्या स्वतंत्र स्पर्धाप्रकाराचा. पुढे त्यालाच 'स्टँडर्ड' हे नाव मिळाले.

संगणकावरच खेळल्या जाणाऱ्या 'हार्थस्टोन'ने (२०१४) हीच वाट एप्रिल २०१६ मध्ये धरली. तेथे चालू व मागील वर्षाचे संच 'स्टँडर्ड'मध्ये राहतात; नव्या वर्षाचा पहिला संच येताच त्याआधीच्या वर्षाचे सर्व संच एकदम बाहेर पडतात आणि केवळ 'वाइल्ड' या मुक्त प्रकारात उरतात. शेतीतील फेरपालटात गेलेले पीक पुन्हा शेतात येते. येथे गेलेला संच संच म्हणून परतत नाही, एखादा पत्ताच काय तो परततो.

ग्राह्यता ठरते ती पत्त्याच्या नावावरून, त्याच्या प्रतीवरून नव्हे. 'मॅजिक'मधील जुना पत्ता मान्य संचात पुन्हा छापला गेला, की त्याची पूर्वीची प्रतही आपोआप ग्राह्य होते. उलट, संच मान्य असूनही एखादा पत्ता निषिद्ध ठरू शकतो. 'ओको, थीफ ऑफ क्राउन्स' हा पत्ता २०१९ च्या शरदऋतूत प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात 'स्टँडर्ड'मधून हद्दपार झाला. म्हणून फेरपालट आणि निषेध यांची गल्लत करू नये: पहिली पूर्वघोषित व गुणदोषनिरपेक्ष, दुसरा दोषामुळे केलेला.

कागदी खेळात ग्राह्यतेची तपासणी खेळाडू व पंच करतात. संगणकावर अग्राह्य डेक स्पर्धेत शिरूच शकत नाही. ही सोय झाली. परंतु कागदी पत्ता बाद झाला तरी तो विकता वा बदलून घेता येतो. 'हार्थस्टोन'सारख्या खेळातील पत्त्याला असा बाजार नाही. 'हार्थस्टोन'मध्ये दुर्मीळतम श्रेणीचा साधा पत्ता घडविण्यास १६०० 'डस्ट' लागते आणि तो मोडल्यास ४०० परत मिळते. अर्थात फेरपालटीने बाद झालेला पत्ता मोडून नवा घडविणाऱ्याचे तीन चतुर्थांश मोल बुडते. पत्ता दुबळा केला गेल्यास मात्र काही काळ पूर्ण भरपाई मिळते. २०२१ पासून दिला जाणारा 'कोअर' संच विनामूल्य आहे खरा, पण त्यातील पत्ते वस्तुतः उसने असतात. ते मोडता येत नाहीत आणि संचाची रचनाही बदलत राहते.

हा प्रश्न किती नाजूक आहे, ते 'मॅजिक: द गॅदरिंग अरीना'च्या अनुभवावरून दिसते. २०१९ साली बाद संचांसाठी 'हिस्टॉरिक' हा प्रकार योजताना, तेथील एका पत्त्यास दोन 'वाइल्डकार्ड' आकारण्याचा बेत जाहीर झाला. खेळाडूंनी विरोध करताच तो सोडावा लागला. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या 'अल्केमी' प्रकाराने त्यापुढचे पाऊल टाकले. त्यात पत्त्यावरील मजकूरच बदलता येतो; परिणामी एकाच नावाचा पत्ता 'स्टँडर्ड'मध्ये एक, तर 'अल्केमी'मध्ये दुसरे काम करतो. नावावरून ग्राह्यता ठरविण्याचा जुना नियम येथे अपुरा पडतो.

कालमर्यादाही स्थिर नाही. 'मॅजिक'च्या 'स्टँडर्ड'मधील संचांचे आयुष्य २०२३ साली दोनांवरून तीन वर्षांवर नेण्यात आले, आणि नोव्हेंबर २०२४ चा 'फाउंडेशन्स' हा संच तर किमान २०२९ पर्यंत ग्राह्य राहील, असे प्रकाशकांनी जाहीर केले आहे.