कार्यकारी सचिवांसाठी लघुलेखन आजही उपयुक्त

बंगळुरूच्या सर्जापूर रस्त्यावर विप्रो कंपनीचे मुख्यालय असून या परिसरात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील अनेक कार्यालये आहेत. अशा कार्यालयांत पत्रांचा मजकूर तोंडी सांगून लिहून घेण्याची प्रथा जवळजवळ संपुष्टात आली आहे. अधिकारी स्वतःच ई-मेल लिहितात. त्यामुळे कार्यकारी सचिव होऊ इच्छिणाऱ्यांनी लघुलेखन शिकावे का, असा प्रश्न उपस्थित होतो.

लघुलेखनाचा उपयोग आता पत्रांपेक्षा बैठकांत अधिक आहे. नेमणुका, वेतन किंवा कंपन्यांचे विलीनीकरण यांवरील चर्चेचे ध्वनिमुद्रण करणे अनेकदा टाळले जाते. साध्या लिपीत मिनिटाला सुमारे 30 शब्द लिहून होतात, तर बोलण्याचा वेग सहज 100 शब्दांच्या पुढे जातो. ही तफावत लघुलेखन भरून काढते. ध्वनिमुद्रण उपलब्ध असले, तरी नेमका निर्णय शोधण्यासाठी ते पुन्हा ऐकावे लागते. टिपणवहीत मात्र तो खूण करून ठेवता येतो.

आयझॅक पिटमन यांनी 1837 मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत उच्चारांवर आधारित आहे. 'प' आणि 'ब' यांची रेघ एकच; पहिली बारीक, दुसरी ठळक. वेगाने लिहिताना बरेचसे स्वर गाळले जातात. म्हणूनच टिपणे त्याच दिवशी उतरवून काढणे इष्ट ठरते. शिळी टिपणे लिहिणाऱ्यालाही वाचता येत नाहीत, हा या विद्येतील खरा धोका होय.

सरकारी सेवेत मात्र ही पात्रता अनिवार्य आहे. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत लघुटंकलेखकासाठी मिनिटाला 80, निम्नश्रेणी लघुलेखकासाठी 100 आणि उच्चश्रेणीसाठी 120 शब्दांची गती मागितली जाते. केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाच्या 2024 च्या परीक्षेत 'क' श्रेणीसाठी 100 शब्दांच्या गतीने 10 मिनिटांचे श्रुतलेखन होते. इंग्रजीत ते 40 मिनिटांत, तर हिंदीत 55 मिनिटांत संगणकावर उतरवायचे होते. केवळ वेगाने लिहिणे पुरेसे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

भाषेची निवड येथेच महत्त्वाची ठरते. मराठी लघुलेखनाचे प्रमाणपत्र महाराष्ट्र शासनाच्या सेवेत उपयोगी पडते. निवड आयोगाची चाचणी मात्र इंग्रजी किंवा हिंदीतच होते. बंगळुरूतील खाजगी कार्यालयांचे कामकाज प्रामुख्याने इंग्रजीत चालत असल्याने तेथे जाऊ इच्छिणाऱ्या मराठी उमेदवारांनी इंग्रजी लघुलेखन आधी शिकणे हिताचे आहे.