द्राक्षांच्या मुलुखात मुक्काम कोठे करावा?

नाशिकास मुक्काम कोठे करावयाचा, हा प्रश्न दोन पिढ्यांपूर्वी फारशा घरांत पडत नसे. घराण्याचे क्षेत्रोपाध्याय ठरलेले असत. त्यांच्या चोपडीत पणजोबांची सही असे. पंचवटीतल्या त्यांच्या वाड्यात वळकट्या टाकल्या की मुक्काम झाला. स्नान, श्राद्ध, काळारामाचे दर्शन आणि परतीची गाडी, एवढाच त्या प्रवासाचा पसारा. आता त्याच घरांतली मुले त्याच नाशिकास निराळ्या हेतूने निघतात. द्राक्षबागा पाहाव्या, वाइन कशी होते ते समजून घ्यावे, ज्यास आवड असेल त्याने ती चाखावी आणि दोन दिवस निवांत काढावे, असा बेत असतो. या बेतात उपाध्याय नाहीत. सबब मुक्कामाचा प्रश्न घरच्या कर्त्या माणसासच सोडवावा लागतो. तो बहुधा सर्वांत शेवटी, घाईघाईने आणि केवळ भाडे पाहून सोडविला जातो.

छत्रपती संभाजीनगरातील गारखेडा परिसरात राहणारे एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. सत्तरी ओलांडलेल्या आजी, बँकेत नोकरी करणारा मुलगा, शाळेत शिकविणारी सून, दहा वर्षांची नात आणि पुण्याहून आलेले धाकटे काका. काकांना वाइनची हौस, मुलास कुतूहल, सुनेस हवापालट हवा, नातीस पोहण्याचा तलाव हवा. आजी एवढेच विचारतात, "तिथे माझे काय काम?" घरातील मंडळी हसून हा प्रश्न टाळतात. वस्तुतः मुक्कामाची जागा निवडताना सर्वांत अगोदर घ्यावयाचा प्रश्न हाच होय, कारण ज्यास वाइन वर्ज्य आहे अशा माणसाची सोय जेथे नाही, तेथे दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच सगळ्यांचे चेहरे उतरू लागतात.

प्रथम मुलुखाची थोडी ओळख करून घेणे बरे. संभाजीनगराहून वैजापूर, येवले, विंचूर, निफाड या जुन्या मार्गाने निघाले म्हणजे निफाडच्या अलीकडेच रस्त्याच्या दोन्ही अंगांस द्राक्षांचे मांडव दिसू लागतात आणि प्रवाशास वाटते, आलाच तो प्रसिद्ध मुलूख! विंचुरास शासनाने वाइन उद्योगासाठी खास वसाहत वसविली, ही गोष्ट खरी. परंतु या पट्ट्यातील बहुतेक बागा खावयाच्या द्राक्षांच्या आहेत. खावयाचे द्राक्ष मोठे, पातळ सालीचे, बहुधा बिनबियांचे. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे, बिया असलेले आणि पिकल्यावर अधिक गोड. ज्या वाइनरी पाहुण्यांस उघड्या असतात, त्यांतील पुष्कळशा नाशिक शहराच्या पलीकडे, पश्चिमेच्या अंगास आहेत. निफाडास किंवा नाशिकरोड स्टेशनाजवळ खोली घेणारा मनुष्य म्हणूनच फसतो. नकाशावर वीतभर दिसणारे ते अंतर गर्दीच्या शहरातून रोज दोन वेळा कापावे लागते.

द्राक्षाची ही कीर्ती काही आजची नव्हे, आणि ती एकट्या नाशिकची तर नव्हेच. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, द्राक्षांची व डाळिंबांची वाखाणणी केली असून तेथे वर्षातून दोनदा फळ येते असे नमूद केले आहे. गारखेड्याच्या माणसास हे वाचून अभिमान वाटेल. परंतु आज वाइन पाहावयाची तर पश्चिमेकडेच जावे लागते. राज्य शासनाने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि पुढच्या काही वर्षांत नाशिक जिल्ह्यात वाइनरी वाढल्या. त्याच्या थोडे आधी, 1999 साली, राजीव सामंत यांनी तेथे 'सुला' स्थापन केली. अमेरिकेतील नोकरी सोडून ते घरच्या जमिनीवर परतले होते. मातोश्रींच्या सुलभा या नावावरून त्यांनी आपल्या वाइनचे नाव ठेविले. 2005 साली त्यांनी पाहुण्यांसाठी वाइन चाखण्याची खोली उघडली आणि द्राक्षबाग ही सहलीची जागा होऊ शकते, हे मुंबई-पुण्याच्या लोकांस कळले. इटलीत हा विचार पूर्वीच रुजला होता. शेतकऱ्याने आपल्या शेतावर पाहुणे ठेवावे यासाठी त्या देशाने 1985 साली स्वतंत्र कायदाच केला. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण 2020 साली आले.

आता मुक्कामाचे स्थळ. नाशिकच्या बाजूस मुख्यतः तीन पर्याय संभवतात: गंगापूर धरणाच्या परिसरातील बागा, खुद्द नाशिक शहर आणि इगतपुरी तालुका.

गंगापूरचा परिसर शहरापासून सुमारे बारा-पंधरा किलोमीटरांवर. सुला, तिच्या शेजारची यॉर्क, थोड्या अंतरावर सोमा, अशा वाइनरी एकमेकींच्या जवळ आहेत आणि मुक्कामाच्या खोल्याही तेथे आहेत. समोर गोदावरीचे अडविलेले पाणी आणि पलीकडे डोंगर. याच गोदावरीचे पाणी पुढे पैठणच्या नाथसागरात साठते व तेथून नळाने संभाजीनगरास येते. घरी नळाच्या दिवसाची वाट पाहत पिंपे भरून ठेवणाऱ्या सुनेने ते भरलेले धरण पाहिले, तर तिच्या मनात जे येईल त्यास सहलीचा आनंद हे नाव कदाचित शोभणार नाही. असो.

या जागेचा खरा लाभ देखाव्यात नसून पायी चालण्यात आहे. वाइन चाखणे म्हणजे लहान लहान पेल्यांतून पाच-सहा प्रकार घेणे. प्रत्येक पेल्यात दोन-तीन घोटच असतात, म्हणून 'यात काय मोठेसे' असे वाटते. पण त्या घोटांची बेरीज केली तर सुमारे एक भरलेला पेला होतो, आणि किरकोळ अंगाच्या मनुष्यास कायद्याची मर्यादा ओलांडावयास तो पुरेसा ठरू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमाप्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे हा गुन्हा आहे. पहिल्याच अपराधास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात. दंडाची गोष्ट एक वेळ सोडून द्यावी. सूर्यास्त पाहून परतणारी वाहने अंधारात त्याच एका रस्त्याने शहराकडे धावत असतात आणि मागच्या आसनावर दहा वर्षांची नात झोपलेली असते. काकांनी सहा पेले चाखावयाचे आणि मुलाने दोनच, म्हणून मुलाने गाडी चालवावयाची, हा हिशेब घराघरांत मांडला जातो. तो चुकीचा आहे. गाडी चालविणाऱ्याने एकही पेला घेऊ नये, अथवा पेला जेथे रिकामा होतो तेथून पलंग चालत जाण्याच्या अंतरावर असावा. हे दोनच मार्ग आहेत. बागेतील खोलीचे चढे भाडे द्यावयाचे ते या दुसऱ्या मार्गासाठी.

या परिसरातही खोली घेताना एक गोष्ट विचारून घ्यावी. वाइनरीचे नाव असलेले प्रत्येक निवासस्थान वाइनरीच्या आवारातच असते असे नाही. काही थोडे दूर, पाण्याच्या कडेला आहेत. तेथून संध्याकाळी नेण्या-आणण्याची गाडी आहे काय, ती किती वाजेपर्यंत चालते, हे आधीच ठरवून घ्यावे. रात्री त्या बाजूस भाड्याचे वाहन मिळेलच असे धरून चालू नये.

दुसरा पर्याय नाशिक शहर. पैशाच्या दृष्टीने तो पुष्कळदा सोयीचा. जेवणाच्या दृष्टीने तर निश्चितच. ज्या घरात कांदा-लसणाचाही विचार होतो, त्या घरातील आजींस शहरात साधे गरम जेवण सहज मिळते. रामकुंड, काळाराम, पंचवटी ही तर जवळच. गंगापूर रस्त्यावर सोमेश्वराचे देऊळ आहे, शेजारी नदीचा लहानसा धबधबा आहे. त्र्यंबकेश्वर सुमारे तीस किलोमीटर. आजींचे काम येथे भरपूर आहे. शहरात उतरणाऱ्यांनी वाइनरीची भेट मात्र सकाळी उरकावी आणि गाडी चालक ठेवून न्यावी. चालकाचा एका दिवसाचा खर्च बागेतील खोलीच्या वाढीव भाड्यापेक्षा बहुधा कमीच येतो, आणि ही बेरीज-वजाबाकी निघण्यापूर्वी कागदावर करून पाहण्यास काय हरकत आहे?

तिसरा पर्याय इगतपुरी तालुक्याचा. संभाजीनगरकरांच्या दृष्टीने तो नवा आहे. समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये शिर्डीपर्यंत, मे 2023 मध्ये भरवीरपर्यंत आणि पुढे इगतपुरीपर्यंत खुला झाला. माळीवाड्यास त्या मार्गावर चढले की नाशिक शहरात न शिरता थेट सह्याद्रीच्या पायथ्याशी उतरता येते. या तालुक्यात कावनई-सांजेगावच्या बाजूस मुकणे धरणाजवळ व्हॅलोने ही लहान वाइनरी आहे, सांजेगावास ग्रोव्हर झाम्पा आहे. येथे गर्दी कमी, खोल्याही मोजक्याच. ज्यास वाइन खरोखर समजून घ्यावयाची आहे, टाक्या व पिंपे निवांतपणे पाहावयाची आहेत, त्यास हा भाग अधिक मानवेल. नातीस मात्र दुसऱ्या दिवशी कंटाळा येण्याचा संभव आहे. याच तालुक्यात इगतपुरीस 1976 पासून चालत आलेले धम्मगिरी हे विपश्यनेचे केंद्र आहे. तेथे साधक दहा दिवस मौन पाळतात आणि मादक पदार्थास स्पर्शही करीत नाहीत. एकाच तालुक्यात दोन्ही प्रकारचे यात्रेकरू एकाच स्टेशनावर उतरतात, हा या मुलुखाचा मोठेपणाच म्हणावयाचा.

स्थळ ठरले तरी काळ ठरत नाही. युरोपात द्राक्षे सप्टेंबरच्या सुमारास काढतात, म्हणून परदेशची पुस्तके वाचून निघालेला मनुष्य गणपतीनंतर नाशिकास येतो आणि त्यास एकही घड दिसत नाही. आपल्याकडे पावसाळा ओसरताना वेलींची फळछाटणी होते आणि वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्च या काळात उतरतात. एप्रिलात खरडछाटणी होते. त्यानंतर काही दिवस बाग म्हणजे तारांवर बांधलेल्या उघड्या काटक्या. 'खिडकीतून द्राक्षबाग दिसणारी खोली' म्हणून अधिक भाडे घेतले जाते ते त्याही दिवसांत. मे महिन्यात असे भाडे भरणे हा शुद्ध भाबडेपणा होय. पावसाळ्यात घड नसले तरी डोंगर हिरवे आणि धरण भरलेले असते. त्या वेळी पाण्याकडे तोंड असलेली खोली घ्यावी, बागेकडची नको.

हंगामाच्या ऐन दिवसांत एक खाचखळगा लपलेला आहे. जोडून सुट्टी येते म्हणून पुष्कळ कुटुंबे 26 जानेवारीचा मुहूर्त धरतात. घड पिकत आलेले असतात, हवा थंड असते, सर्व काही अनुकूल. परंतु प्रजासत्ताक दिनी महाराष्ट्रात मद्यविक्री बंद असते. त्या दिवशी बाग पाहता येईल, वाइन चाखता येणार नाही. काकांची पुण्याहूनची खेप फुकट जावयाची. 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांचीही हीच गत. फेब्रुवारीत सुलाच्या आवारात गाण्याबजावण्याचा मोठा उत्सव भरतो. 2008 साली त्याचा आरंभ झाला, मध्ये काही वर्षे खंडही पडला. तरुणांनी त्यासाठी मुद्दाम जावे. आजींस घेऊन जाणाऱ्यांनी त्याच्या तारखा पाहून मुद्दाम टाळाव्या. सिंहस्थाचे मोठे स्नान 2027 च्या पावसाळ्यात आहे. त्या सुमारास नाशिक-त्र्यंबकच्या बाजूस खोलीचा विचार करावयाचा तो स्नानासाठीच करावा.

गारखेड्याच्या त्या कुटुंबाने काय करावे? शनिवार-रविवार सोडून, फेब्रुवारीच्या एखाद्या मंगळवारी निघावे. त्या दिवशी भाडे कमी असते आणि वाइनरीत समजावून सांगणाऱ्या माणसास बोलावयास वेळ असतो. पहिली रात्र शहरात काढावी. बुधवारी पहाटे आजींबरोबर सर्वांनी रामकुंडावर जावे, एकट्या सुनेने नव्हे. दुपारी गंगापुराकडे सरकून दुसरी रात्र बागेत घालवावी, म्हणजे पेल्यानंतर गाडीची किल्ली कोणाकडे हा वादच उरत नाही. आजींसाठी तळमजल्यावरची खोली मागावी. तशी मागणी आरक्षण करतानाच, फोनवर स्पष्ट शब्दांत करावी लागते, कारण बागेच्या जागा उतारावर असतात आणि पायऱ्या पुष्कळ. मंडळी चाखावयास बसतील त्या वेळी नातीला घेऊन आजींनी बागेत फिरावे. द्राक्षाच्या रांगेच्या टोकाशी कोठे कोठे गुलाबाचे झाड लाविलेले असते. वेलीवर भुरी पडावयाची असेल तर ती गुलाबावर आधी दिसते, अशी युरोपातल्या माळ्यांची जुनी समजूत आहे. नातीस ती गोष्ट आजींनीच सांगावी.

परतताना बाटल्या घेतल्याच तर त्या गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. फेब्रुवारीतही येवल्यापासून पुढे दुपारचे ऊन चांगलेच तापते. ओल्या टॉवेलात गुंडाळून पायांशी ठेवाव्या, आणि येवल्यास पैठणी पाहावयास थांबायचे असेल तर गाडी सावलीत लावावी. तेथे सुनेस किती वेळ लागेल, हे आधीपासून सांगता येत नाही.