नस सुकण्याआधी

मार्च लागला की जळगाव-धुळ्याकडे ऊन तापतं आणि मुलांचे डोळे खाजू लागतात. डोळे लाल होतात, त्यांतून दोऱ्यासारखी चिकट चिपडं निघतात, चोळून चोळून पापण्या सुजतात. उष्ण, कोरड्या हवेत ही ॲलर्जी जास्त आढळते. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलेल्या थेंबांनी लगेच आराम पडतो, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात तीच बाटली मेडिकलमधून परस्पर आणली जाते. थेंबांत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असेल, तर त्यातून काचबिंदू होऊ शकतो.

डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून वाहून जातं. स्टेरॉइडने ही जाळी तुंबते आणि डोळ्याचं प्रेशर वाढतं. १०० पैकी ५-६ जणांत ते फारच चढतं, तरी बहुधा दुखत नाही. प्रयोगशाळेत उंदरांना हेच औषध देऊन काचबिंदू घडवतात.

डोळ्याच्या या वाढलेल्या दाबाने दृष्टिपटलातल्या गँग्लियॉन पेशी मरतात. माणसाच्या एका डोळ्यात त्या १० लाखांच्या आसपास असतात, उंदराच्या डोळ्यात सुमारे ५० हजार. प्रत्येक पेशीचा एक लांब तंतू मेंदूकडे जातो आणि या तंतूंची जुडी म्हणजेच डोळ्याची नस. डीबीए/२जे जातीच्या उंदरांना वाढत्या वयात आपोआप काचबिंदू होतो. २००५ साली संशोधकांनी त्यांच्यातलं पेशीमृत्यू घडवणारं बॅक्स जनुक काढून टाकलं. पेशी टिकल्या, तंतू मात्र झडले. म्हणजे पेशीला वाचवलं तरी नस वाचेलच असं नाही. २०१७ मध्ये याच जातीच्या उंदरांना जीवनसत्त्व ब३ दिल्यावर बऱ्याच उंदरांची नस शाबूत राहिली. त्यावरून माणसांवर चाचण्या सुरू झाल्या, पण मोठ्या मात्रेने यकृताला अपाय होऊ शकतो. ब३च्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

मोतीबिंदूत ऑपरेशननंतर दिसू लागतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. बरेच तंतू गेल्यावरच रुग्णाला कमी दिसल्याचं जाणवतं. म्हणून चाळिशी उलटली असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल किंवा मुलाला वारंवार थेंब घालावे लागत असतील, तर नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन प्रेशर मोजून घ्या आणि नसही बघायला सांगा. चालू असलेल्या थेंबांची बाटली सोबत न्या, म्हणजे त्यांत स्टेरॉइड आहे का ते तिथेच कळेल.